बासला मी तार लावली

आमचं गाव कोल्हापूरच्या पलीकडं, पण गावाचं नाव सांगून काय उपेग, मी फौंड्रीच्या धुरातला पोरगा. बाप तिथंच मोल्डर, म्हंजे साचे करणारा हुता, आन् त्येचा आधी हात यायचा, मग शब्द. नुसती शिवी दिली तर आमी खुश, म्हणायचं आज शिवीवर भागलं. एकदा भाकरी करपली म्हणून त्येनं आईला चुलीपुढनं केसाला धरून फरफटत नेली, आन् मी उठलो आन् त्येच्या पाठीत लोखंडी पाना घातला. आठवीत हुतो मी. काय सांगू तुमास्नी, मला भ्या वाटलं न्हाई, बरं वाटलं. तिथंच बिघडलं.

मग आयटीआय केलं, फिटर झालो, एजंटनं हितं परदेशात, तुआसला, जहाजं बांधायच्या शिपयार्डात आणून सोडला. हितंबी हात तसाच. डॉर्मिटरीत अंघोळीच्या बादलीवरनं एका बंगाल्याचे दोन दात पाडले, बादली त्येचीच हुती, नंतर कळलं. मॅनेजर म्हणला, अजून एकदा हात उचललास तर कामाचं परमिट कॅन्सल, त्याच दिवशी विमान. घरी बायको आन् दोन पोरी, त्येंचं समदं ह्या एका परमिटवर. तवापासनं मी मुठी खिशात घालून फिरायचो.

आमच्या स्टोअरला अंकल डेस्मंड म्हणून म्हातारा हुता, हितलाच, युरेशियन, म्हंजे अर्ध्या गोऱ्या रक्ताचा. बारकं असताना गोऱ्या सोल्जरांकडनं त्यो स्किफल शिकलेला. स्किफल म्हंजे काय, तर वाद्य घ्यायची ऐपत न्हाई म्हणून घरातल्या सामानावर वाजवायचं. एक गिटार, कपडे धुवायची पत्र्याची फळी, आन् बास, म्हंजे खालच्या सुराचं वाद्य, तर चहापत्तीचं मोठं लाकडी खोकं पालथं, त्येच्यावर झाडूचा दांडा उभा, दांड्याच्या टोकापासनं खोक्याच्या मधोमध एक दोरी. दांडा मागं ओढला की दोरी ताणती, आवाज चढतो, सोडला की उतरतो. अंकलचं खोकं मोडलं तवा मी त्येला नवीन करून दिलं, प्लायवूडचं, कोपऱ्याला पट्ट्या मारून. त्यो म्हणला, वाजव की. मी वाजवाय लागलो. दर रविवारी टॅम्पिनीसला, त्यो ऱ्हायचा त्या बिल्डिंगीखालच्या मोकळ्या जागेत. दोन वर्षं. आठवड्याचा राग मी त्या दोरीवर काढायचो, खोटं कशाला बोलू.

दोरी सुताची, ती तुटायची. अंकल म्हणायचा, तुटू दे, आपण हसायचं आन् दुसरी बांधायची. पण मी फिटर माणूस, माझ्या हातचं काम मोडलेलं मला खपत न्हाई. मी यार्डातल्या वायर रोपचा, म्हंजे पोलादी दोरखंडाचा, एक बारीक पदर सोडवला आन् लावला. आवाज असा निघाला की समदी बघाय लागली. आता ऐका माझं शानपण. यार्डात नव्या पोरांना मीच शिकवतो, ताणल्या वायरच्या रेषेत उभं ऱ्हायचं न्हाई, तुटली तर माणूस कापती. रोज सकाळी शिकवतो. पण बास म्हंजे गाणं-बजावणं, तिथं मला ही वायर दिसलीच न्हाई.

धुवायची फळी वाजवायला कुलकर्णी यायचा, पुण्याचा, वन-नॉर्थला, हापिसांच्या भागात, कॉम्प्युटरवर कामाला. माणूस वाईट न्हवता, पण त्येची जीभ गोड आन् टोकदार. त्या रविवारी बायकापोरं बसलेली, आन् गाणं चालू असताना त्यो हसत म्हणला, दादा, जरा हलक्या हातानं, हमाली न्हाईये ही. चार माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मूठ उचलता येत न्हाई, परमिट हाय, मग मी दांडा ओढला, सगळ्या अंगानं ओढला. वायर खोक्यापाशी तुटली आन् दांड्यासंगं उलटी फिरली. शेजारी अंकल गिटार घेऊन उभा. कपाळापासनं गालापर्यंत फाडत गेली, मधी डोळा. त्येनं गिटार खाली ठिवली आन् मग बसला. रगत त्येच्या बोटांतनं माझ्या बुटावर.

त्यो झटका कुलकर्ण्याला हुता, लागला अंकलला.

पोलीस आला दवाखान्यात. कुलकर्णी म्हणला ॲक्सिडेंट, वायर तुटली. अंकलबी पट्टी बांधलेल्या तोंडानं त्येच म्हणला. माझं परमिट वाचलं. मी पाया पडायला खाली वाकलो, तर अंकलनं पाय वर घेतले. म्हणला, पोलिसाला मी ॲक्सिडेंट सांगितलं, तुझ्या पोरी हाईत म्हणून. पण तुला सांगतो, ॲक्सिडेंट नव्हता. दोन वर्षं तुझ्या शेजारी वाजवतोय, तुझा हात कवा कुणाला मारतोय ते मला ऐकू येतं. आता परत माझ्या शेजारी उभा राहू नको.

डोळा गेला त्येचा. त्येला सहा वर्षं झाली. मी बास बनवायचं सोडलं न्हाई, मागंल त्येला करून देतो, दोरी सुताचीच लावतो, पण वाजवत न्हाई. हातबी कुणावर उचलला न्हाई तवापासनं. लोक म्हणत्यात मी सुधारलो. सुधारायला मला दुसऱ्याचा डोळा लागला, हे कुणाला सांगू.

तुमी टॅम्पिनीसला ऱ्हाता न्हवं? एकडोळ्या म्हातारा गिटार घेऊन बसलेला दिसला तर माझं नाव काढू नका. जरा थांबा, ऐका, टाळी वाजवा. आन् देवाला एवढंच म्हणा, त्येचा दुसरा डोळा शेवटपर्यंत नीट ठेव.