थोमाजी पंचांनी शोधलेली भाकरी

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले सुमंतराव, तुम्हीही दम खा — मघाचं पद तुम्ही इतक्या चढ्या पट्टीत धरलंत, की माझा आवाज अजून वरच अडकलाय!

आणि हो, जरा पुढं सरका. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधल्या मंडळीचा कर्णा आज जोरात आहे. त्यांचं गाणं तुमच्या कानात, माझं आख्यान त्यांच्या कानात — उगाच घोटाळा नको!

तर एक प्रश्न विचारतो. देव आपल्यावर प्रीती करतो — मान्य? वा, सगळ्यांच्या माना हलल्या! तुम्ही धुतलेलं नेसून चर्चला येता तेव्हा करतो, आणि घरी भांडी आपटता तेव्हाही करतो. बरं! मग प्रीती जर घरबसल्या मिळतेय, तर ही मंडळी, हा चर्चचा मेळा, कशाला? ज्याचं तोंड बघवत नाही, नेमकं त्याच्याच मांडीला मांडी लावून दर रविवारी गायचं — हा उपद्व्याप प्रभूनं आपल्या मागं का लावला?

बोला! पहिल्या रांगेत बार्नबाकाका बसलेत, तुमचे पंच. काका, तुम्ही सांगा. काय? — "भक्तीसाठी!" अहो, भक्ती घरी होत नाही? — आणि हे मागून कोण बोललं, "जेवणासाठी"? हसू नका त्याला! तो उत्तराच्या फार जवळ आलाय!

म्हणा माझ्याबरोबर —

टोपली प्रभूची । भाकर सर्वांची ।
ती कोणाघरची । पुसू नये ॥

आता या टोपलीचीच गोष्ट. निंबगाव दगडी नावाचं एक गाव. तिथली मंडळी जुनी, प्रभूचं दगडी मंदिर, आणि त्या मंडळीचे पंच — थोमाजी रणपिसे. माणूस सचोटीचा! मंदिराची घंटा त्यांच्याशिवाय वाजायची नाही. उपदेश लांबला तर पाळकसाहेब थोमाजींच्या चेहऱ्याकडं बघून 'आमेन' म्हणायचे. पण नाव पडलं थोमा, प्रभूच्या त्या संशयी शिष्याचं! बोट लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा त्या नावाचा जुनाच गुण. हे पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

थोमाजींना एकच लेक — एस्तेर. आई राहेलबाई देवाघरी गेलेली. पोरीनं लग्न ठरवलं, तर मुलगा कोण? अनुग्रह अमोलिक! ख्रिस्तीच, बरं का! निर्व्यसनी, कामसू, आवाजही गोड. मग अडलं कुठं? मंडळी, तो दुसऱ्या मिशनचा! आपल्यात बाप्तिस्मा कसा? पाळक कपाळावर पाणी शिंपडतात. त्यांच्यात? सगळा माणूस विहिरीत बुडवून वर काढतात! निंबगावात हे त्यांना म्हणायचे 'विहीरवाले', ते यांना म्हणायचे 'थेंबवाले'. प्रभू एक, शास्त्र एक, भांडण कशावरून? पाणी किती घ्यायचं यावरून! आणि तेही आपल्या नगरकडं — जिथं प्यायला टँकर येतो!

एस्तेरनं लग्न केलं, आणि नवऱ्याच्या मंडळीत जाऊन विहिरीतला बाप्तिस्माही घेतला. थोमाजींच्या काळजात ते रुतलं. लग्नापेक्षा जास्त रुतलं! "मी या पोरीला मांडीवर घेऊन बाप्तिस्मा देवविला. माझे थेंब हिला पुरले न्हाईत?" म्हणाले, "आजपासून मला लेक न्हाई." झालं! चार वर्षं बापाच्या तोंडात लेकीचं नाव नाही. घरात कोण? थोमाजी, आणि त्यांची थोरली बहीण, विधवा सालोमीआत्या. दोघं जेवायला बसायचे, आणि आत्या चार वर्षं रोज तिसरं ताट मांडायची. थोमाजी ते रोज उचलून ठेवायचे. बोलायचं कुणीच नाही.

आता ऐका! हंगामाचा सण आला. निंबगावची रीत अशी, की त्या दिवशी प्रीतिभोजन. प्रत्येक घरानं भाकरी आणायच्या, मंदिरातल्या एकाच मोठ्या टोपलीत टाकायच्या, वरून धोतर झाकायचं, आणि आत्यानं हात घालून सगळ्या कालवायच्या. मग वाढायच्या. कुणाच्या घरची कुणाच्या ताटात, कळायचं नाही. पाटलिणीची जाड, मास्तरणीची करपलेली — जी आली ती खायची, मुकाट्यानं!

थोमाजी पंच त्या दिवशी दारात उभे. टोपली स्वतःच्या ताब्यात! दाराशी पाय धुवायला पाण्याचं घंगाळ. एकेक घर येतंय, भाकरी टाकतंय. आणि एवढ्यात — समोरून एस्तेर! डोक्यावर पदर, काखेत लहान टोपली. नवरा लांब निंबाखाली उभा, तोंड चुकवून. का आली? तर अनुग्रहला सुरतेला काम लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं चालले. परत कधी? देव जाणे. बापाला भेटल्याशिवाय तिचा पाय निघेना.

थोमाजींनी बघितलं. आणि काय बोलले? लेकीशी नाही — बहिणीशी!

"सालोमी, त्या बाईंना सांग, ही टोपली आपल्या मंडळीपुरती हाय. विहीरवाल्यांची भाकरी हितं चालत न्हाई."

एस्तेरही त्याच बापाची! ती म्हणते, "आत्या, त्या पंचांना सांग, भाकरी मी बापासाठी आणलीया. पंचांसाठी न्हाई."

आत्या मध्ये! डावीकडं भाऊ, उजवीकडं भाची, दोघं दोन हातांवर — आणि निरोप पोचवायला ही! आत्या म्हणाली, "मला काही ऐकू आलं न्हाई. कान गेलेत माझे." लबाड बाई! हिला तीन घरं पलीकडं फोडणी पडलेली ऐकू यायची!

थोमाजींनी दार अडवलं ते अडवलंच. एस्तेर मागं फिरली. तिला बापाकडून एक शब्द हवा होता, तोही मिळाला नाही. डोळे पुसले तिनं. मंडळी, हसणं थांबवा इथं क्षणभर. देवाच्या दारातून देवाचंच लेकरू परत गेलं, आणि परत कुणी पाठवलं? चोरानं? नास्तिकानं? नाही! घंटा वाजवणाऱ्यानं.

मग पंगत बसली. आशीर्वाद मागून झाला. आत्या वाढायला निघाली — आणि वाढता वाढता गालात हसली! थोमाजींनी ते टिपलं. संशय!

"सालोमी! तू टोपलीला हात लावलास?"

"मी वाढणार! हात न्हाई लावायचा तर काय पाय लावायचा?"

"तिची भाकरी आत घातलीस तू!"

"घातली की न्हाई ते तूच सांग. पंच तू हाईस."

पंगतीत सगळे हात थांबले. पाळकसाहेबांचा घास तोंडाशी तसाच! थोमाजी उठले. म्हणाले, "कुणी खाऊ नका! ती भाकरी मी शोधून बाहेर काढणार!"

बघा हं, काय चित्र आहे! मंडळीचे पंच, पांढरं धोतर, नवं उपरणं — आणि पंगतीतून वाकून वाकून प्रत्येकाच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून खाताहेत! मी म्हटलं ना, थोमा! हात लावल्याशिवाय विश्वास नाही!

"ही न्हवं." पुढचं ताट. "ही न्हवं — ही अळणी." पुढचं. "ही कुणाची? दगड हाय का भाकरी?" मास्तरीण रडकुंडीला आली! ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद, त्यांच्या ताटातला तुकडा. ज्यांना पंचायतीत पाडलं, त्यांच्या ताटातला तुकडा. सगळ्या मंडळीच्या भाकरी माणसानं चाखल्या! इतकं प्रीतिभोजन निंबगावात आजवर कुणी केलं नव्हतं!

शेवटी पाळकसाहेब भीत भीत म्हणाले, "पंच, ज्वारी सगळ्यांची सारखीच. तुम्हाला ती भाकरी कळणार कशी?"

आणि थोमाजी कडाडले — "म्हंजे? माझ्या लेकीच्या हातची भाकरी मला कळणार न्हाई?"

पंगतीतली प्रत्येक मान वर झाली!

सालोमीआत्यानं टोपली खाली ठेवली. तिचे कान आता परत आले होते! "कुणाच्या हातची, थोमा?"

चार वर्षं सांभाळलेला शब्द त्यांच्याच तोंडून सांडला होता.

आत्या म्हणाली, "तू सगळी ताटं चाखलीस, आन् समद्यांना म्हणालास, ही न्हवं. खरं वळखलंस, बाबा! एकबी तिची न्हाई. मी घातलीच न्हाई टोपलीत. ती पोर अजून बाहेर हाय, निंबाखाली, टोपली घेऊन. तुझा नेम तिनं पाळलाय."

मंडळी, थोमाजी खाली बसले नाहीत. रागावलेही नाहीत. उपरण्यानं तोंड पुसलं आणि दाराकडं चालू लागले. पंगत मागं वळून बघतेय — पाळकसाहेबसुद्धा! निंबाखाली एस्तेर उभी राहिली. थोमाजींनी तिच्या टोपलीतली भाकरी घेतली, तुकडा मोडला, तोंडात घातला. चावत राहिले. खूप वेळ चावत राहिले. मग म्हणाले —

"मीठ जास्त झालंया."

राहेलबाईच्या हातालाही मीठ जास्त! तीस वर्षं थोमाजी त्यावरून कुरकुरले, आणि ती गेल्यापासून त्या मिठासाठी झुरले. हे लेकीला ठाऊक नव्हतं होय? ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "आईनंच शिकवलंया, आबा."

"तर मग," थोमाजी म्हणाले, "हितं उन्हात का उभी? आत टोपलीत टाक. लोक अळणी खायला लागलेत!"

आणि जावई? तो अजून अवघडून उभा, झाडामागं लपायला बघतोय! थोमाजी त्याच्याकडं वळले. चार वर्षांत पहिल्यांदा. दाराशी घंगाळ होतं, त्याकडं बोट केलं.

"जावईबापू, पाय धुवा आन् आत चला! शिंपडून धुवा, न्हाईतर बुडवून धुवा — मी काय बघत न्हाई! पण लवकर, पंगत खोळंबलीया!"

म्हणा — टोपली प्रभूची! भाकर सर्वांची!

तर मंडळी कशासाठी? घरी आपण आपलीच भाकरी खातो, आपल्या मिठाची. देवाची प्रीती इतकी मोठी, की ती एका घरच्या तव्यावर मावत नाही. म्हणून त्यानं टोपली ठेवली, आणि म्हणाला, कालवा! ती कालवायची सोडून आपण दारात उभे राहून निवडायला लागलो, की भिंती राहतात, घंटा राहते, आणि लेकरू निंबाखाली राहतं.

छान गोष्ट, नाही? सगळे थोमाजींना हसलात. आता कान द्या. काय ऐकू येतंय? काहीच नाही! पलीकडचा कर्णा बंद झाला. त्या दुसऱ्या मिशनची उपासनाही सुटली. त्यांच्याकडंही आज सण आहे, त्यांच्याही टोपल्या भरल्यात. तुमच्या आणि त्यांच्या आवारात एक फाटक आहे, येताना बघितलं मी. त्याला कुलूप आहे, इतकं गंजलेलं, की बघून माझं मन गंजलं.

किल्ली कुणाच्या करदोट्याला आहे, मला माहीत नाही. बार्नबाकाका, तुम्ही कंबरेला हात का लावलात?

मी हात धुऊन बसलोय. भूकही लागलीय. पण पहिला घास मी फाटकापलीकडच्या भाकरीचाच घेणार, तोवर कुणी आग्रह करायचा नाही. — उठले! काका उठले! वाट द्या त्यांना! कुलूप उघडलं नाही तर तेल घ्या, तेलानंही नाही उघडलं तर दगड घ्या, काका!

सुमंतराव, पेटी धरा. आणि या खेपेला खालच्या पट्टीत. काकांचे गुडघे दुखतात, फाटकापर्यंत जायला त्यांना वेळ लागेल — ते पोचेपर्यंत पद संपवू नका!