वाद घालायचा नाही

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीचा मुलगा आत तपासणीला गेला होता, दुसरीचा धाकटा भाऊ.

"मावशी, तुमच्या मुलालाही आवाज ऐकू येतात?"

"येतात गं. 'कोणी बोलत नाहीये,' असं म्हणत मी रोज त्याच्याशी भांडते. तो आणखीच बिथरतो."

"आमचंही तेच चालायचं. मग इथल्या डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांना बसवून समजावलं. वाद घालायचा नाही, आणि त्याच्या होला हो म्हणायचंही नाही."

"मग करायचं काय?"

"भीती वाटतेय का, एवढं विचारायचं आणि जवळ बसायचं. गोळ्या चालूच आहेत हो. पण परवा भाऊ कामाला जातो त्या बेकरीत पीठ मळताना आवाज आले, तर यानं मालकांनाच विचारलं, 'तुम्हाला काही ऐकू आलं का?' ते म्हणाले, 'नाही रे बाबा.' 'मग माझंच आहे,' म्हणाला, आणि गाणं गुणगुणत मळत राहिला."

"काम टाकून पळाला नाही?"

"नाही ना! घरी येऊन म्हणतो, 'ताई, आज जाम दमलो.' जेवला आणि असा काही घोरायला लागला, मावशी, की तो आवाज मात्र आम्हा सगळ्यांना ऐकू आला."