पोकलेनचा आरसा

चौकशीच्या खोलीबाहेर, बाकावर माझ्या शेजारी खोदकामाचं पोकलेन मशीन चालवणारा एक माणूस आणि एक बाई बसले होते. त्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं हातभर लांब पोकलेन होतं.

"हे तुम्ही स्वतः बनवलंत, भाऊजी?"

"हो, वहिनी. तीन महिने लागले. बघा, बकेट उचलतं, केबिन गोल फिरते. साहेबांना दाखवायचंय."

"काय दाखवणार?"

"की केबिनमधून मागचं दिसत नाही. हा निळा ठोकळा म्हणजे आपले दादा. ते इथे उभे होते. मी मशीन फिरवलं तेव्हा हा मागचा भाग…"

"तो ठोकळा आधी तिथून उचला."

"उचलला. चुकलं माझं."

"याला आरसा आहे की."

"खऱ्या मशीनला होता, म्हणून लावला."

"मग त्यात हे दिसले असते?"

"आरसा लहानसा असतो, वहिनी."

"भाऊजी, नवरा गेलाय माझा. खरं सांगा."

"दिसले असते, वहिनी. मी बघितलंच नाही."

"आत हे सांगणार?"

"सांगणार."

"आरसा काढून टाकला असता, तर सुटला असतात."

"काल काढला होता, वहिनी. आज सकाळी परत बसवला."