शाळेच्या वेळेचा शंख

मी, तोफाए एनेलिको, वय ४९ वर्षे, धंदा अळू व केळीची शेती, राहणार फालेउता, आपिया, सामोआ. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी फालानी हिच्यासह राहतो. मुलगी पेनीना, वय ९, आमच्याजवळ राहत होती.

गेल्या महिन्यात शाळेसमोर तिला पिकअपने उडवले, त्यात ती गेली. त्याबद्दल मी वेगळा जबाब दिला आहे. तो पुन्हा देत नाही. रस्ता रुंद केल्यापासून तिथे गाड्यांचा वेग कमी होत नाही. गतिरोधक मागायला मी रस्त्यांच्या कचेरीत गेलो होतो. तेथील साहेब म्हणाले, "आराखड्यात आहे." मी विचारले, "आराखड्यातून रस्त्यावर कधी येणार?" ते म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू."

आमच्या गावात रोज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजतो. पुरुष पांढरे सदरे घालून रस्त्यावर रांगेत उभे राहतात आणि प्रार्थना संपेपर्यंत वाहने थांबतात. हे ठाण्यात सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहून घ्यावे. शंख फुंकण्याचा मान माझ्या घराण्याकडे आहे आणि गावसभेतले घराण्याचे पद माझ्याकडे आहे.

सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या वेळी, मी शाळेसमोर शंख फुंकला. आदल्या दिवशी चर्चबाहेर ठरल्याप्रमाणे पुरुष रांगेत उभे राहिले. दोन्हीकडची वाहने थांबली. बसमधली गाणी बंद झाली. एका टॅक्सीवाल्याने टोपी काढून डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाला, "काय हो, देवाने वेळ बदलली की काय?"

मी म्हणालो, "तू मान खाली घालून बस. पोरं जाऊ देत."

मुले रस्ता ओलांडून गेली. त्या दिवशी ती पळाली नाहीत, चालत गेली.

ज्यांनी माझ्याविरुद्ध ही तक्रार दिली ते गृहस्थ पांढऱ्या गाडीतून उतरले. "मला मीटिंगला जायचंय. ही कसली प्रार्थना?"

रांगेतले वृद्ध सेफो म्हणाले, "संध्याकाळी थांबता तेव्हा नाही विचारत!"

"तेव्हा देवासाठी थांबतो."

"मग बसा की गाडीत. देव काय सकाळी झोपलेला असतो?"

लोक हसले. मी हसलो नाही. कोणीही त्यांना किंवा गाडीला हात लावला नाही.

दुपारी आमचे पाद्री घरी आले. म्हणाले, "तोफाए, शंख देवाचा आहे, रहदारीचा नाही." मी त्यांचा मान ठेवतो. खाली बसून सगळे ऐकून घेतले. मग म्हणालो, "संध्याकाळी आपण देवाला सांगतो, लेकरांना सांभाळ. सकाळी आपण काय करतो?" फालानीने कोको दिला, तो पिऊन ते गेले. मंगळवारी सकाळीही मी शंख फुंकला; तेव्हा ते रांगेत होते की नव्हते, हे मी सांगणार नाही. तक्रारीत त्यांचे नाव नाही.

जबाब घेणारे अंमलदार माझे भाचे आहेत. ते म्हणाले, "मामा, शंख चुकून अवेळी वाजला म्हणा. मी तसं लिहितो, प्रकरण मिटेल. नाहीतर कोर्ट आहे, तुरुंग आहे. गावातलं पदही जाईल." त्यांनी मायेने सांगितले, हे मला कळते. पण शंख अवेळी वाजलेला नाही. मुलांची तीच वेळ आहे. पद गेले तर जाऊ दे.

पुन्हा असे करणार नाही, अशी हमी मागितली. ती मी देत नाही. गतिरोधक झाला की सकाळी शंख वाजणार नाही, एवढे लिहून देतो.

हा जबाब मला आमच्या भाषेत वाचून दाखवला. एका ठिकाणी 'चुकून' असे लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडले. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करतो. मला आज सोडले नाही, तर उद्या सकाळी शंख फालानी फुंकेल.