आकडा म्हणा, तात्या

लेक : आता दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा.

तात्या : टेकवली. वाजतोय की. पण वाजला म्हणून काय शहाणा ठरला? मी सांगतो तुला, या मल्टीमीटरनंच घात केला काल. टाकून दे तो.

लेक : टाकायचाच तर दोष सापडल्यावर टाकू. चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

आत्या : आधी चहा घ्या दोघं. आणि तू कप डाव्या हातानं धर गं, उजव्या हाताची पट्टी ओली होईल. बाळ्या, दोन बोटं भाजलीत पोरीची. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हणून आज ही इथं बसून मीटर तपासतेय.

तात्या : माहीत आहे मला, अक्का. डोक्यात दुसरं काही आहे का माझ्या?

लेक : वायरी घ्या हातात. बोट फिरवा. कुठे चीर, कुठे उघडी तार?

तात्या : कुठंच नाही. नव्याच तर आहेत. लाल पिन व्होल्टच्या भोकात, काळी तिच्या जागी. एवढं मला झोपेतही कळतं.

लेक : म्हणजे वायरी धड, पिना जागेवर, आवाज येतोय. मग काल चुकलं कुठे?

तात्या : सेल उतरला असेल. सेल उतरला की हा वाटेल ते दाखवतो.

लेक : बघू सेल. उघडते पाठ.

तात्या : आधी वायरी काढ! वायरी लावलेल्या असताना पाठ उघडायची नाही, किती वेळा...

लेक : काढल्यात, तात्या. या काय टेबलावर.

तात्या : हां, दिसतंय. मी आपली आठवण केली.

लेक : सेल चांगला आहे. लावलं झाकण. वायरीही लावल्या परत. आता भिंतीवरच्या प्लगला बघू. टोकं मी धरते, आकडा तुम्ही म्हणा. आपल्या नेहमीच्या पद्धतीनं.

आत्या : ही कसली पद्धत?

लेक : तात्यांनी आकडा मोठ्यानं म्हणायचा, मी तोच परत म्हणायचा, आणि मगच हात घालायचा. पाढे म्हणतात ना शाळेत, तसं. मी यांच्याबरोबर कामाला लागले तेव्हापासून हेच. काल छापखान्यातही तेच केलं. तात्या म्हणाले, "शून्य." मी म्हटलं, "शून्य." आणि कागद कापायच्या मशीनच्या विजेच्या डब्यात हात घातला.

आत्या : पुरे गं बाई. काटा येतो अंगावर.

लेक : धरली टोकं. म्हणा.

तात्या : दोनशे... दोनशे बत्तीस.

लेक : नीट बघून सांगा.

तात्या : बघूनच सांगतोय. बत्तीस. हे आता तीस झालं. थोडं वरखाली होतंच ते.

लेक : तात्या.

तात्या : काय?

लेक : सेल माझ्या मुठीत आहे. मी आत बसवलाच नाही. स्क्रीन कोरी आहे.

(कुणाचा तरी कप बशीवर वाजतो.)

आत्या : असं फसवायचं गं बापाला?

लेक : मला खोटं पडायचं होतं, आत्या. मीटर मी काल संध्याकाळीच तपासला, ठणठणीत आहे. तेव्हाच तात्यांच्या नजरेची शंका आली. सकाळपासून मनात एकच म्हणतेय, तात्या म्हणू देत, "अगं, यावर काहीच दिसत नाही." एवढं म्हणाले असते ना, तर मी सगळं खापर मीटरवर फोडून मोकळी झाले असते.

तात्या : काल मेन मी बंद केला होता. माझ्या हातानं. मेन बंद, म्हणजे डब्यात शून्यच असणार ना? तेच म्हणालो.

लेक : त्या मशीनला पलीकडच्या खोलीतून वेगळी लाइन होती. मीटर दाखवत असणार, चांगला दाखवत असणार.

तात्या : असेल.

लेक : असेल काय! मीटर लावतो कशाला आपण? आपल्याला जे वाटतं ते खोटं आहे की काय, हे बघायला. हे मला शिकवलं कुणी? आणि काल तुम्ही तुम्हाला वाटलं तेच मोठ्यानं म्हणालात, आणि मी वेडी ते परत म्हटलं.

तात्या : आधी सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. दाराची चौकट, शिडीच्या पायऱ्या. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग मधोमध डाग आला. बाजूचं दिसतं गं सगळं. जिना दिसतो, दारात कोण आलं ते कळतं. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच दिसत नाही.

लेक : आणि मी?

तात्या : तू दिसतेस ना. खांदे दिसतात, वेणी दिसते. हातवारे करतेस ते दिसतात.

लेक : चेहरा?

तात्या : आठवतो ना मला.

लेक : आत्या, तुला माहीत होतं हे.

आत्या : डॉक्टरकडे मीच नेलं त्याला. फोनवर आलेले निरोप मीच वाचून दाखवते, दाढीचे राहिलेले खुंट मीच दाखवते. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले. आहे तेवढी टिकावी म्हणून सुया टोचतात डोळ्यात. मी म्हटलं होतं याला, बाबा रे, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पण धाकटा भाऊ पाय धरायला लागला तर मी काय करू?

लेक : मला सांगायचं. डब्यात हात माझा जात होता, आत्या.

आत्या : चुकलं गं माझं. पण मला काय ठाऊक, आकडे हा बघतो म्हणून! मला वाटायचं, सगळं तूच बघतेस, हा नुसता हाताशी उभा असतो. एकदा विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं.

तात्या : तिला कशाला बोलतेस? मला विचार. तुला सांगितलं असतं, तर कामावर नेलं असतंस मला?

लेक : नाही.

तात्या : मग! आणि तू एकटी कुठे कुठे जाणार होतीस? परकी ठिकाणं, परकी माणसं, त्यात विजेशी खेळ. सोबतीला कुणी नको?

लेक : काल मी एकटीच होते, तात्या. फक्त मला ते माहीत नव्हतं.

आत्या : अगं, जरा सांभाळून बोल.

तात्या : बोलू दे तिला, अक्का. खरं तेच बोलतेय.

लेक : मला बोलवत नाहीये हो. पण दुसरं कोण बोलणार?

तात्या : बरं, असं करू. आकडे तू बघ. तूच म्हण, तूच ऐक. मी शिडी धरतो. पेटी उचलतो. पक्कड मागितलीस तर पक्कडच देईन, हाताला सगळं कळतं माझ्या. तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

लेक : नाही, तात्या.

तात्या : गाडीत बसून राहीन.

लेक : नका ना असं करू.

आत्या : जाऊ दे की त्याला. शिडी धरायला डोळे कशाला लागतात? माणूस घरात कुजून जाईल अशानं. याला ना पत्ते खेळायचा नाद, ना चार मित्र.

लेक : कसं सांगू तुला, आत्या? तात्या शेजारी असले की मी निर्धास्त असते. लहानपणापासूनचं आहे ते. ते गप्प उभे राहिले, तरी मला वाटत राहणार की काही चुकलं तर तात्या आहेत. आणि मग मी कमी बघणार. माझं मला माहीत आहे ना. या कामात थोडी भीती लागते गं, आणि तात्या असले की मला भीतीच वाटत नाही.

तात्या : इतकं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं माझ्याबद्दल. आज बोललं, तेही कामावरून काढताना.

लेक : हसू नका.

तात्या : हसतोय कुठे? तुला दिसतोय ना माझा चेहरा? बघ.

आत्या : ए, दोघंही रडू नका रे आता. मला पण रडू येईल मग, आणि मला एकदा रडू आलं की थांबत नाही. थांबा, चहा पार गार झाला. दुसरा टाकते.

तात्या : छापखान्यातलं काम अर्धवट पडलंय.

लेक : उद्या जाते.

तात्या : भाजलेल्या हातानं?

लेक : डाव्या हातानं जमेल तेवढं करीन. त्यांच्याकडचा एक माणूस मदतीला मागून घेईन.

तात्या : आधी चालू प्लगवर मीटर बघ. मग डब्यात बघ. मग पुन्हा चालू प्लगवर. नुसतं शून्य आलं म्हणून भुलू नकोस, वायर आतून तुटली तरी तो शून्यच दाखवतो.

लेक : हो.

तात्या : आणि आकडा मोठ्यानं म्हण. कुणी नसलं तरी म्हण.

लेक : परत कोण म्हणेल?

तात्या : तूच म्हणायचा, आणखी कोण? लोक वेडी म्हणतील. म्हणू देत.

आत्या : बाळ्या, तू उद्यापासून माझ्याबरोबर बाजारात चल. भाजी मी निवडते, घासाघीस तू कर. मला मेलीला कुणीही गंडवतं.

तात्या : येईन की. परवापासून येईन. उद्या नको.

लेक : जेवणाचा डबा मी दोघांचा भरून ठेवत होते, तात्या. तुमचा आता इथंच झाकून ठेवते.

तात्या : ठेव. आणि पोरी, उद्या निघताना मला हाक मारू नकोस. जागा असेन मी. तरी नको मारूस.