पाच हात कमी

हॅलो?… कोण, कोमल? थांब गं, कणसं भाजतीये, शेगडीवरनं काढते… हां, बोल.

…आमदारांच्या हापिसातनंच बोलतीस? काय म्हनतात तुझे साहेब?

…कसला दिन? बचाव दिन?… विधानसभेत ठराव मांडनार… माझ्या सत्यमच्या आठवनीत?

…हाय, हाय मी. बरं वाटलं गं, खोटं कशाला बोलू. दोन वर्सं झाली. पोराचं नाव माझ्यापुढं कुनी काढतच न्हाई.

…वाच की मग. हळू वाच… नऊ जुलै? नऊ न्हाई गं, सहा.

…अगं ऐक ना. सरकारी कागदावर नऊच असंल. नऊला तो घावला. सहाला ओढ्यात उतरला, फिराय आलेल्या पावण्यांची दोन पोरं जित्ती काढली. तुमाला कंचा दिवस पाळायचाय?

…टाईप झालंय म्हनं. मग परत कर टाईप. त्या पोरांची आई मला दर सहा जुलैला फोन करती. तिला बरा ध्यानात ऱ्हातो दिवस.

…हां, विचार साहेबास्नी.

…कार्यक्रम? हितं आपल्या भाजे गावातच?… न्हाई, हार नको, फलक नको. दोन मिनटं उभं ऱ्हायचं आन च्या पिऊन जायचं, म्हाईत हाय मला… न्हाई गं, राग न्हाई त्यांच्यावर. आठवन ठेवली, ह्ये का कमी हाय?

…मग काय पायजे? सांगते. दसऱ्याला आपन कोयता-विळा धुऊन पुजतो का न्हाई? तसं त्या दिवशी गावागावात दोर भायेर काढा. मोजा. कुजला असंल तर नवा आना. झालं.

…दोरच का म्हंजे? तुला सांगितलं न्हाई कुनी?

…झाडाला बांधलेला दोर पंचवीस हात व्हता. त्यो धरून सत्यमनं पोरगी कडंला आनून दिली. तिचा भाऊ तीस हातावर, दगडाला धरून. पाच हात कमी पडला… मग सोडला त्यानं दोर. पोराला ढकललं कडंला, लोकांनी धरलं. ह्यो गेला.

…कोमल?… अगं, तू कशाला रडतीस? पूस डोळं. तुला लिव्हायचंय ना. सहा जुलै लिही. आन खाली लिही, गावागावात चाळीस हात दोर.

…व्हय, चाळीसच. तीस पुरला असता, पन जास्तीचा असू दे.

…बरं, ठेवते. गिऱ्हाईक उभं हाय.