यमुनामायचं पद

आमच्या दादाने यमुनामायला कामावरून कसं काढलं, ते ऐका. दादा नौदलात आहे. कोणत्या जहाजावर किती माणसं ठेवायची, कोणती पदं कमी करायची, याच्या याद्या त्याच्या कचेरीत होतात. यंदा तो सुट्टीवर भीमपूरला आला, तेव्हा आमच्या शेतात कापूस फुटला होता आणि आभाळ भरून येत होतं.

दादा अंगणात वही घेऊन बसला.

"आई, यमुनामाय किती वेचते?"

"काहीच नाही. झाडाखाली बसून राह्यते, पण..."

"मंग कायले पाह्यजे? उद्यापासून तिले बोलवू नको."

"बरं बाबा, तू साहेब," आई म्हणाली. ती का बसून राहते ते मला माहीत होतं, पण दादापुढे माझं तोंड उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी दहापैकी तीनच बाया वेचायला आल्या.

"बाकीच्या कुठं हायत?" दादाने विचारलं.

"घरी. लेकरं कोणापाशी ठेवतीन? यमुनामायच सांभाळे न झाडाखाली!" एक बाई म्हणाली.

दादा तसाच तिच्या घरी गेला. "माय, चुकलं माह्यं. चाल."

चप्पल घालता घालता ती म्हणाली, "येतो. पण बाबू, जहाजावरून असंच कोणाले काढलं त नाही न?"

दुपारी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दादाने कचेरीत फोन लावला. "सर, ती यादी थांबवा. मी आधी जहाजावर जाऊन बघतो."